नरक, अर्ध्या तासावर

नरकाचं दार पृथ्वीवर नेमकं कुठे उघडतं याबद्दल धर्माधर्मांत मतभेद आहेत. माझ्याकडे मात्र पत्ता आहे. टेक्सासातलं मेस्किट गाव, एलबीजे फ्रीवेला लागून, टाउन ईस्ट मॉलच्या जवळ, काळ्या काचांची एक चौकोनी इमारत. पार्किंग मुबलक. १० डिसेंबर १९९३ रोजी इथे बसलेल्या मूठभर पोरांनी ‘डूम’ नावाचा खेळ विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायला घेतला, तर तो चढेना. कारण खेळ उतरवून घ्यायला आलेल्या मंडळींनी आधीच दारात गर्दी केली होती. एस.टी.च्या दारात रोज होतं तेच. शेवटी कशीबशी वाट करून खेळ आत ढकलला, आणि थोड्याच वेळात सर्व्हरनं मान टाकली.

आमचं घर प्लेनोत. तिथून हे नरकद्वार अर्ध्या तासावर, टोल भरायची तयारी असेल तर त्याहून थोडं अलीकडे. आता ती कंपनी, म्हणजे आयडी सॉफ्टवेअर, मेस्किटहून उठून रिचर्डसनला आली आहे, आणि रिचर्डसन म्हणजे आमच्या दक्षिणेची वेसच. नरक हळूहळू चांगल्या शाळांच्या दिशेनं सरकतोय. इथे आलेलं प्रत्येक कुटुंब तेच करतं.

ज्यांनी डूम खेळलेला नाही त्यांच्यासाठी कथासार. एका सैनिकाला त्याचा वरिष्ठ निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला सांगतो. हा गोळ्या झाडत नाही, वरिष्ठालाच धुतो. शिक्षा म्हणून त्याची मंगळावर बदली होते. तिथे एक बडी कंपनी मंगळाच्या दोन चंद्रांमध्ये, फोबोस आणि डिमोसमध्ये, वस्तू आणि माणसं क्षणात इकडून तिकडे पाठवण्याचे प्रयोग करत असते. एक दिवस प्रयोग बिघडतो, दारातून भलतेच लोक बाहेर येतात, तळावरची सगळी माणसं मरतात किंवा मरूनही कामावर हजर राहतात, आणि उरतो हा एकटा, हातात पिस्तूल घेऊन. यापुढचं कथानक एका शब्दाचं आहे : पळ.

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच शंका काढली. “मंगळावर कशाला? गडचिरोलीत पद रिकामं नव्हतं?”

खेळातली गोष्ट एवढीशीच का, यालाही एक गोष्ट आहे. टॉम हॉल नावाच्या सहकाऱ्यानं ‘डूम बायबल’ म्हणून एक सविस्तर कथानक लिहून आणलं होतं. इंजिन लिहिणाऱ्या जॉन कारमॅकचं मत असं की गोष्ट असावी अशी लोकांची अपेक्षा असते म्हणून ती ठेवायची, तिला फारसं विचारायचं नाही. तेव्हा आधी ते बायबल बाजूला ठेवलं गेलं, आणि खेळ बाहेर पडायच्या आत टॉम हॉललाही बाजूला व्हावं लागलं. मराठी चित्रपटांत पटकथालेखकाचं जे होतं, तेच मंगळावरही होतं हे पाहून बरं वाटतं.

आमच्या महाविद्यालयात डूम आला तो दोन फ्लॉपींवर. त्या काळी संगणक कक्षात चपला बाहेर काढून जायची पद्धत होती. यंत्राला धूळ सोसत नाही, असं सर सांगत. त्यामुळे आमची अख्खी पिढी नरकात गेली ती अनवाणी. दारात चपलांची रास, आत एसीचा गारठा, आणि पडद्यावर तांबडं-तपकिरी काहीतरी आपल्याकडे चालत येतंय. प्रयोगशाळा साहाय्यकाची चाहूल लागली की मॉनिटर बंद करायचा आणि छापील कागदावरचा पास्कलचा प्रोग्रॅम भक्तिभावानं वाचायला लागायचं. मॉनिटर बंद असला तरी राक्षस थांबत नसत. बटण पुन्हा दाबलं की नायक हमखास आडवा पडलेला असे.

खेळाचा पहिला तृतीयांश फुकट होता. तो मनसोक्त वाटा, पुढचे दोन भाग हवे असतील तर फोन करून पैसे पाठवा, अशी त्या कंपनीची धंद्याची रीत होती, आणि तिच्यावर ती पोरं गाड्या घेण्याइतकी श्रीमंत झाली. आमच्यामुळे नव्हे. आमच्यात ‘पुढचे भाग’ ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नाही. फुकट भागाच्या शेवटी नायक एका चमकत्या चकतीवर उभा राहतो, अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो आणि तिथे राक्षस त्याचा फडशा पाडतात. ही जाहिरात होती. पुढे काय होतं ते विकत घेऊन बघा, असा तिचा अर्थ. आम्ही मात्र ‘चांगल्या माणसाचं असंच होतं’ म्हणून उसासा टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

चार संगणक जोडून एकमेकांनाच मारायची सोयही खेळात होती. ‘डेथमॅच’ हे तिचं नाव खेळाचे नकाशे आखणाऱ्या जॉन रोमेरोनं ठेवलं. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक आपली हालचाल नेटवर्कवरच्या झाडून सगळ्या यंत्रांना कळवत असे, त्यांचा खेळाशी संबंध असो वा नसो. त्यामुळे कार्यालयांची आणि विद्यापीठांची नेटवर्कं तुंबली. कार्नेगी मेलनसारख्या विद्यापीठाला फतवा काढावा लागला. आमच्याकडे अशी बंदी कधी आली नाही, कारण आमचं नेटवर्क चालत नव्हतं. लांबच्या बाकावरचा मित्र मला बंदुकीनं मारू शकत नसे, म्हणून तो उठून येई आणि पाठीत गुद्दा घाली.

खुद्द बिल गेट्सही या तडाख्यातून सुटला नाही. विंडोज ९५ वर खेळही उत्तम चालतात हे लोकांना पटावं म्हणून १९९५ साली त्याची एक चित्रफीत काढली होती. काळा लांब कोट, हातात शॉटगन, मागे डूमचं दालन, आणि मधोमध जगातला सर्वांत श्रीमंत माणूस, स्नेहसंमेलनात बळंच उभ्या केलेल्या गणिताच्या सरांच्या चेहऱ्यानं. पुढे २०२१ साली मायक्रोसॉफ्टनं झेनिमॅक्स नावाची मोठी कंपनी विकत घेतली आणि तिच्या पोटात असलेली आयडी सॉफ्टवेअरही आपोआप पदरात पडली. कोटाचे पैसे वसूल झाले.

प्लेनोला राहायला आल्यावर मला डूममधली एक गोष्ट नव्यानं कळली. हा खेळ दिसायला त्रिमिती असला तरी त्याचा नकाशा कागदावर काढल्यासारखा सपाट असतो. जमीन उंच-सखल करता येते, छत वर-खाली करता येतं, पण एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली बांधता येत नाही. पूल आणि पुलाखालची वाट, दोन्ही एकाच जागी चालत नाहीत. उडी नाही. आणि नायकाला मान वर करता येत नाही की खाली घालता येत नाही. राक्षस माडीवर असला तरी बंदूक नाकासमोर धरायची, गोळी आपली आपण वर चढते. याची तांत्रिक कारणं आहेत. ४८६ च्या संगणकाला एवढंच झेपत होतं. कारमॅकनं भिंतींची आधीच शिस्तीत वाटणी करून ठेवायची ‘बायनरी स्पेस पार्टिशनिंग’ नावाची युक्ती वापरली, म्हणजे जी भिंत दिसणारच नाही ती रंगवत बसायला नको. हे सगळं मला मान्य आहे. पण डॅलसच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसांनी मान वर करायची सोय खेळात ठेवलीच नाही, याचं मला तितकंसं नवल वाटत नाही. इथे मान वर करून बघायला आहे काय?

प्लेनोची जमीन इतकी सपाट आहे की पाऊस पडल्यावर पाणी कुठे जावं याचा विचार करत बसतं. आसपासची सर्वांत उंच टेकडी म्हणजे डॅलसमधला ‘हाय फाइव्ह’ हा पाच थरांचा रस्त्यांचा गुंता. तो २००५ साली पुरा झाला. आणि तो तेवढा डूममध्ये काढता आला नसता.

आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभे राहून हळूहळू स्वतःभोवती फिरले. सातारकर माणूस. पंचाहत्तर वर्षं डोळे उघडले की अजिंक्यतारा दिसला पाहिजे, त्याच्यावरून दिशा ठरतात, पावसाचा अंदाज येतो, वेळप्रसंगी मुलाला रागवायचं असेल तर किल्ल्याकडे बोटही दाखवता येतं. पूर्ण फेरी मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, “इथे माणसं हरवली तर काय बघून परत येतात?”

“फोन बघून, बाबा.”

“आणि फोन हरवला तर?”

याचं उत्तर प्लेनोत अजून कुणाकडे नाही.

डूमचा नायक कधी चालत नाही. तशी चालायची सोय आहे, पण चालणारा डूम-खेळाडू माझ्या पाहण्यात नव्हता. खेळातली मापं फुटांत बदलून चाहत्यांनी हिशेब केलेत, त्यांत त्याचा वेग ताशी पन्नास मैलांच्याही वर जातो. पाठीवर रॉकेट लाँचर, यांत्रिक करवत, शेकड्यांनी काडतुसं, आणि तरीही. शिवाय सरळ पळता पळता बाजूलाही सरकलं की दोन्ही वेग जोडले जातात आणि नायक तिरका जास्त जोरात पळतो. खेळ लिहिणाऱ्यांच्या गणितातली ही फट खेळाडूंनी ओळखली आणि तिची कला केली. तुम्ही संध्याकाळी साडेपाचला सेंट्रल एक्स्प्रेसवेवर गाडी घातलीत तर ही कला किती जणांनी आत्मसात केली आहे ते दिसेल.

प्लेनोतही कुणी चालत नाही. फुटपाथ आहेत, रुंद आहेत, स्वच्छ आहेत, आणि त्यांच्यावर फक्त पाण्याचे फवारे उडत असतात. आई-बाबा जेवणानंतर शतपावलीला निघाले तेव्हा एक गाडी हळू झाली, थांबली, काच खाली आली आणि एका सभ्य बाईंनी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. आईला इंग्रजी समजलं नाही, पण स्वर समजला. तिनं आमच्या घराकडे हात करून त्यांना जेवायला बोलावलं. त्या बाईंनाही मराठी समजलं नाही, पण स्वर समजला असावा, कारण त्यांनी घाईघाईनं काच वर केली.

अशा या गावाच्या आसपास राहून माणसांनी राक्षस कुठून आणले, असा प्रश्न पडतो. काही राक्षस त्यांनी मातीचे केले, चारी बाजूंनी फोटो काढले आणि पडद्यावर घातले. सापाच्या कातड्यासारखी जी भिंत खेळात दिसते ती एड्रियन कारमॅक या चित्रकाराच्या बुटांची आहे. (तो जॉन कारमॅकचा कुणीही लागत नाही. जोशींचं जोशींशी नातं असतंच असं नाही, हे टेक्सासालाही लागू आहे.) पिस्तूल धरणारे हात केव्हिन क्लाउड या सहकाऱ्याचे. आणि शस्त्रं? ज्या राज्यात मासे पकडायच्या गळाशेजारच्या फळीवर खरी बंदूक विकायला असते, तिथे राहून या पोरांनी बऱ्याचशा बंदुका खेळण्यांच्या दुकानातून आणल्या. राक्षसांची सेना उभी फाडणारी ती विख्यात शॉटगन लहान मुलांची आहे. यांत्रिक करवत मात्र खरी होती, आणि तीही मागून आणलेली. घरमालक संघाच्या पत्राला घाबरून झाडाची फांदी छाटायला शेजाऱ्याकडून करवत मागणारा मी, हे वाचल्यापासून ताठ मानेनं मागतो.

टॉम हॉल गेल्यावर नकाशे पुरे करायला सँडी पीटरसन आला. त्यानं साधारण दहा आठवड्यांत सत्तावीसपैकी एकोणीस पातळ्या हातावेगळ्या केल्या, त्यातल्या काही हॉलनं अर्धवट सोडलेल्या. हा गृहस्थ श्रद्धाळू मॉर्मन. दारू नाही, कॉफीसुद्धा नाही. नरकाचे आराखडे काढायला तुमची हरकत नाही ना, असं रोमेरोनं विचारलं, तेव्हा त्याचं म्हणणं पडलं की राक्षस तर वाईट बाजूला आहेत, मग अडचण कसली? हे उत्तर मला फार मराठी वाटतं. आमच्या आईचं मतही याच वळणावर गेलं. नातू दिवसभर राक्षस मारत बसतो म्हणून सूनबाईंनी तक्रार केली, तर आई म्हणाली, “मारू दे गं. मेलेलेच बरे ते.” प्लेनोत प्रेस्टनवुड बॅप्टिस्ट हे एवढं प्रचंड चर्च आहे की रविवारी त्याच्या आवारात गाड्या लावायला वाहतूक पोलिस लागतात. त्या गर्दीत डूम खेळून मोठे झालेले किती असतील याचा अंदाज मी मनात करतो आणि पुढे जातो.

खुद्द प्लेनोचा या इतिहासात वाटा आहे, पण गावाला तो फारसा ठाऊक नाही. जून १९९६ मध्ये आयडीचा ‘क्वेक’ आला. यात मान वर करता आली, उडी मारता आली आणि, विश्वास ठेवा, स्वतःच्या पायाशी रॉकेट फोडून त्या धक्क्यानं माडीवर जाता आलं. तो इंटरनेटवरून एकमेकांशी खेळणाऱ्या काही जणांना वाटलं की एकदा समोरासमोर बसून मारामारी करावी. म्हणून ते त्याच वर्षी गारलंडच्या एका हॉटेलात जमले. त्याचं ‘क्वेककॉन’ झालं. १९९७ साली ते भरलं प्लेनोत, एका साध्याशा हॉटेलात. टेक्सासचा भर उन्हाळा. गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला जुन्या काचेचा मॉनिटर, जो उचलताना कंबर बोलते. अशा गाड्यांची रांग. नियम एकच, आपापला संगणक घेऊन या. प्रवेश फुकट, आणि सगळी धावपळ स्वयंसेवकांची.

हे स्वयंसेवक मी पुढे एका क्वेककॉनला पाहिले. आता तो सोहळा ग्रेपवाइनच्या अवाढव्य हॉटेलात होतो. आणि २०१९ साली डॅलसला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं तेव्हा तिथलेही पाहिले. गळ्यात बिल्ला, एकसारखा टीशर्ट, हातात वायरचं भेंडोळं, चेहऱ्यावर तीन रात्रींचं जागरण, आणि कुणीही काहीही विचारलं तरी “बघतो” हे उत्तर. दोन्हीकडे मुख्य कार्यक्रमापेक्षा भोजनगृहाच्या रांगेत जास्त ओळखी होतात. फरक एवढाच की क्वेककॉनला हजार माणसं एका अंधाऱ्या दालनात बसून एकमेकांना ठार मारतात आणि मग गळ्यात गळा घालून पिझ्झा खायला जातात. आपल्याकडे पिझ्झा वेगळा वेगळा खातात.

१९९७ च्याच जून महिन्यात अटलांटामध्ये क्वेकच्या एका मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. बक्षीस होतं जॉन कारमॅकची स्वतःची लाल फेरारी. ती डेनिस फाँग नावाच्या पोरानं जिंकली आणि नेली. मला त्याच्यापेक्षा त्याच्या आईची काळजी वाटते. ‘खेळून कुणाचं भलं झालंय’ हे वाक्य त्या घरात कायमचं बाद झालं.

प्लेनोत गिअरबॉक्स नावाची कंपनीही १९९९ साली सुरू झाली, तिनं २००९ मध्ये ‘बॉर्डरलँड्स’ काढला, आणि पुढे ती फ्रिस्कोला गेली. फ्रिस्कोलाच २०१६ पासून व्हिडिओ गेमचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. आमच्या गावात येऊन नाव कमवायचं आणि मग फ्रिस्कोत मोठं घर घ्यायचं, हे फक्त आमच्या मित्रमंडळींतच घडतं असा माझा समज होता.

त्या मित्रमंडळींविषयी. तीस वर्षांपूर्वी संगणक कक्षाच्या दारात चपला काढणारी ही पोरं आता कोइट रोड आणि कस्टर रोडच्या मधल्या भागात विटांच्या घरांत राहतात. वर्षातून एकदा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमून ही माणसं डूम आणि क्वेक खेळतात. आमंत्रणात लिहिलेलं असतं, आपापला लॅपटॉप आणि एक पदार्थ. सगळे पोहे आणतात. मग मैदानात उतरायची तयारी सुरू होते. एक जण वाचायचा चष्मा काढून लांबचा लावतो, पुन्हा वाचायचा लावतो. दुसऱ्याला पडदा फार वेगानं फिरला की गरगरतं, तो आधी व्हर्टिगोची गोळी घेतो. तिसऱ्याला मानेचा पट्टा. एकदा खेळ सुरू झाला की मात्र जे काही चालतं ते बायकांनी ऐकू नये म्हणून गॅरेजचं दार खाली असतं. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य घालवलेला मितभाषी माणूस मित्राला ज्या क्रौर्यानं कोपऱ्यात गाठून उडवतो, ते बघून त्याच्या वार्षिक मूल्यमापनात ‘आक्रमकता कमी’ असं कुणी लिहिलं असेल याचं हसू येतं.

साडेनऊला सगळे उठतात. मुलांचा सकाळी गणिताचा क्लास असतो. जाताना कोपऱ्यावर चारही बाजूंना थांबायच्या पाट्या असलेला चौक आहे. तिथे आमचेच चौघे चार बाजूंनी येऊन उभे राहतात. नियम सांगतो, आधी येईल तो आधी जाईल. चौघेही हात हलवून एकमेकांना ‘तू हो पुढे’ म्हणतात. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांच्या पाठीत रॉकेट घातलेली ही माणसं. कुणीच निघत नाही. मागे पाचवी गाडी येते तेव्हा कुठे कोंडी फुटते.

आमच्या चिरंजीवांना या खेळाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी आहे. खेळ म्हणून डूम त्याच्या दृष्टीनं गोजिरवाणा. पण डूमचा मूळ प्रोग्रॅम कंपनीनं १९९७ साली जगाला खुला केल्यापासून लोकांनी तो जमेल त्या यंत्रावर चालवून दाखवायचा छंद लावून घेतला आहे, आणि हा छंद त्याला पटतो. डॅलसच्याच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा जो कॅल्क्युलेटर इथल्या शाळेत गणिताला लागतो, त्याच्या एका थोरल्या भावावर डूम चालतो. २०२० साली एका हौशी माणसानं शंभर पौंड बटाटे उकडून, चकत्या करून, त्यांच्या विजेवर कॅल्क्युलेटरवर डूम चालवला. आईनं त्याची चित्रफीत पाहिली. तिला राक्षसांचं काही वाटलं नाही, बटाट्यांचं वाटलं. “कितीतरी पंगतींची भाजी,” ती म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली. गर्भचाचणीच्या कांडीवरही कुणी डूम दाखवला, पण तो आतलं सगळं बदलून, त्यामुळे तो पंथात थोडा हलका धरला जातो. २०२२ साली एकानं जॉन डीअरच्या ट्रॅक्टरच्या पडद्यावर डूम चालवला, तोही शेतातला, मक्याच्या रानात राक्षस. हे ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवला.

“ट्रॅक्टरचे हप्ते फिटले होते का त्याचे?”

या ट्रॅक्टरपासूनच बाबांना खेळाविषयी कुतूहल वाटायला लागलं. एका दुपारी नातवानं त्यांना लॅपटॉपपुढे बसवलं. वाटणी अशी ठरली : चालायचं आणि दारं उघडायची आजोबांनी, गोळ्या झाडायच्या नातवानं. सर्वांत सोप्या काठिण्यपातळीचं नाव ‘मरायला मी फार लहान आहे’ अशा अर्थाचं आहे. बाबांच्या वयाकडे बघता ते जरा धाडसाचं होतं, पण पुढच्या काठिण्यपातळ्यांची नावं अजून बेतालपणाची होती.

पहिली पातळी, ‘हँगर’. मंगळाच्या चंद्रावरचा तळ. आम्ही पोरं सुरू होताक्षणी पळत सुटायचो. ही पातळी पुरी करायला खेळ बनवणाऱ्यांनीच तीस सेकंद पुरेत असं ठरवून ठेवलंय. बाबा पहिल्या खोलीत उभे राहिले.

“छत दाखव.”

“छत नाही दिसत, आजोबा. मान वर होत नाही.”

“मग पाहणी कशी करायची?”

पाहणी झालीच. एक दिवा लुकलुकत होता. “चोक गेलाय.” जिना मोजला. कठडा नाही, हे नातवाला लिहून घ्यायला लावलं. पुढे हिरव्या द्रवाच्या हौदावरून वळणावळणाची वाट जाते. तिथे थांबून त्यांनी ते सांडपाणी आहे का, असं विचारलं. किरणोत्सारी कचरा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. “आणि उघड्यावर? झाकण नाही, फलक नाही, काही नाही?” समोरच्या ओट्यावरून एक काटेरी राक्षस आगीचे गोळे फेकत होता. नातू त्याला मारायला बघत होता, पण बाबा तोंड फिरवून भिंतीचा गिलावा तपासत होते, त्यामुळे गोळ्या हौदात जात होत्या. पडद्याच्या तळाशी नायकाचा चेहरा असतो. जखमा वाढतील तसा तो रक्तानं माखत जातो. आईची नजर तिथेच खिळलेली.

“अहो, नाकातनं रक्त येतंय त्याच्या. भिंती कसल्या बघताय?”

नातवानं औषधाची पेटी दाखवली. जमिनीवर पडलेली, तिच्यावरून गेलं की जखमा भरतात. आईनं डोळे मोठे केले. “खाली पडलेलं औषध? त्याच्यावरची तारीख तरी बघा.”

बाबांचं लक्ष नव्हतं. ते एका बोळात भिंतीला नाक लावून उभे होते. “हा तुकडा नंतर भरलाय,” ते म्हणाले. “रंग बघ. शेजारच्याशी जुळत नाही.” नातू म्हणाला, असू दे, पुढे चला. बाबांनी त्या जागी कळ दाबली. पस्तीस वर्षं त्यांनी नव्या शाळांच्या आणि आरोग्यकेंद्रांच्या भिंती अशाच बोटानं वाजवून पाहिल्या होत्या. भिंत वर गेली. आत बोळ, बोळाच्या टोकाला उजेड, आणि बाहेर मोकळं अंगण, मधे निळं चिलखत. हे अंगण आम्हाला संगणक कक्षात खिडकीतून दिसायचं. तिथे जायची वाट आमच्यापैकी कुणाला सापडली नव्हती, कारण भिंतीपाशी थांबायला कुणाला सवड नव्हती. बाबांनी मग एकही भिंत सोडली नाही. पातळी संपली तेव्हा पडद्यावर हिशेब आला. मारलेले राक्षस बेताचे, वेळ सांगण्यासारखा नाही, गुप्त जागा शंभर टक्के.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. “ठेकेदार कोण होता हा?”

“जॉन रोमेरो.”

“बिल निघालं त्याचं?”

“पहिला भाग फुकट होता, बाबा.”

“तरीच,” ते म्हणाले. “नाहीतर ती एक भिंत मोजमाप-पुस्तकात दोनदा लागली असती.” आणि नातवाकडे वळले. “चल, पुढची साइट दाखव.”